देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

चार आकडी कुठलीही संख्या घ्या. चारही आकडे सारखे नकोत, एवढीच अट. आपण १९०५ घेऊ. आकडे उतरत्या क्रमाने लावले की ९५१०, चढत्या क्रमाने लावले की ०१५९. मोठीतून लहान वजा करा, ९३५१ येतील. आता या ९३५१ वर पुन्हा तेच. ९५३१ उणे १३५९, म्हणजे ८१७२. मग ७४४३, मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आठवी करून बघायचीच असेल तर बघा: ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. इथून पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी उत्तर तेच.

१९०५ हे कापरेकर मास्तरांचं जन्मवर्ष. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूला जन्मले, फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. ६१७४ चा हा चमत्कार त्यांनी १९४९ साली मांडला. (१९४९ पासून सुरुवात केली तरी सातच पायऱ्या लागतात. योगायोगच, पण मला भारी आवडतो.) इथल्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं किरकोळ गंमत वाटायचं. अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे देवळालीचं नाव जगभर गेलं. आणि हो, डोंबिवलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही: कापरेकरांच्या ‘डेमलो’ संख्यांचं नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून आलंय, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली.

१९४९ साली भारतात संगणक नव्हता. पहिला आला १९५५ मध्ये, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. म्हणजे मास्तरांनी हे सगळं हातानेच केलं. तरीसुद्धा, किंवा म्हणूनच, प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या नवख्या माणसासमोर ठेवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

नाशिक रोडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी मी प्रोग्रॅमिंग शिकवते. देवळाली इथून हाकेच्या अंतरावर. फी नाही, सर्टिफिकेट नाही, त्यामुळे गर्दीही नाही. आठवी-नववीची थोडी मुलं असतात आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले एक काका. काका पहिल्या रविवारी नातवाला सोडायला आले ते मागच्या खुर्चीवर बसले आणि बसलेच. नातू आता क्रिकेटला जातो.

या मुलांच्या हातात क्लासच्या नोट्स असतात. व्हेरिएबल म्हणजे काय, त्याची व्याख्या. लूपचे प्रकार किती, त्यांची नावं. फ्लोचार्टमध्ये आयत कुठे काढायचा आणि समभुज चौकोन कुठे. सगळं तोंडपाठ. पण “शंभर आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायला मशीनला काय सांगशील?” असं विचारलं की शांतता. यात मुलांचा दोष नाही. भूक लागायच्या आधीच पोट भरून टाकायचा हा प्रकार आहे. व्हेरिएबल हवंय असं ज्याला कधी वाटलंच नाही, त्याला त्याची व्याख्या देऊन काय उपयोग?

म्हणून सुरुवातीला मी लॅपटॉप उघडतच नाही. कागदावर ३५२४ लिहिते आणि म्हणते, उतरत्या क्रमाने लाव. नववीतल्या एका मुलीने क्षणात ५४३२ लिहिलं.

“कसं केलंस?”

“कसं म्हणजे? दिसतंच की, ताई!”

सगळं घोडं या ‘दिसतंच की’पाशी अडतं. चार आकडे आपल्या नजरेत एकदम मावतात, त्यामुळे आपण नेमकं काय केलं ते आपलं आपल्यालाच कळत नाही. मशीनला असं एकदम काही दिसत नाही. एका वेळी दोन आकडे समोर धरून यातला मोठा कोणता, एवढंच त्याला सांगता येतं. मग मी चाळीस आकडी एक संख्या फळ्यावर लिहिते. आता नजरेला मावत नाही, आणि मग सगळे हळू होतात, बोट ठेवून वाचायला लागतात. ते बोट कसं फिरतंय, ते मला बघायचं असतं.

त्या दिवशी उत्तर काकांनी दिलं. “पहिला आकडा मनात धरायचा. पुढचा त्याच्याहून मोठा निघाला तर मनातला सोडायचा आणि तो धरायचा. नाहीतर तसंच पुढे. शेवटाला मनात जो राहील तो सगळ्यात मोठा.” ३५२४ वर करून बघा: तीन धरला, पाच आल्यावर तीन सोडला, दोन आला आणि गेला, चार आला आणि गेला, हातात पाच. मनात धरणं म्हणजे व्हेरिएबल, ‘निघाला तर’ ही कंडिशन, ‘तसंच पुढे’ हा लूप. यातला एकही शब्द कोणी उच्चारला नव्हता आणि तिन्ही गोष्टी टेबलावर आल्या होत्या.

पुढचं मुलीने जुळवलं. सगळ्यात मोठा सापडला की बाजूला लिहायचा, मूळ संख्येतून तो खोडायचा आणि उरलेल्यांवर पुन्हा तेच. झकास. मी एका मुलाला मशीन केलं. सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. (आठवीतली मुलं ही भूमिका फार आवडीने करतात.) त्याला दिले ७४४३. सात लिहिला, सात खोडला. चार लिहिला. “आता चार खोड.” त्याने दोन्ही चार खोडले. राहिले फक्त ७४३.

“अरे, एकच खोडायचा!”

“तू ‘चार खोड’ म्हणालीस.”

ती चिडली, पण बरोबर तो होता. गंमत म्हणजे आम्ही वापरतो त्या पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे दोन्ही प्रकार आहेत. स्ट्रिंगमधला, म्हणजे ओळीने लिहिलेल्या अक्षरांतला, एखादा आकडा ‘रिप्लेस’ने काढून टाकायला सांगितला की तो असेल तिथून सगळीकडून जातो, आणि लिस्टवर, म्हणजे यादीवर, ‘रिमूव्ह’ वापरला की फक्त पहिला जातो. कुठला कुठे वापरायचा हे नोट्समधून वाचून लक्षात राहत नाही. ७४४३ चे ७४३ झालेले ज्याने बघितलेत, त्याच्या मात्र कायमचं लक्षात राहतं.

मग प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायची वेळ आली आणि नेहमीची ठेच लागली. संख्येच्या जागी नवी संख्या ठेवायची, तर लिहायचं ‘संख्या = मोठी - लहान’. इथपर्यंत ठीक. पण पायऱ्या मोजायला मी ‘पायरी = पायरी + १’ लिहिलं आणि मागून आवाज आला, “ताई, हे चूक आहे.” बीजगणिताच्या हिशेबाने चूकच आहे. दोन्ही बाजूंची पायरी काढून टाकली की ० = १ उरतं. हुशार मुलंच इथे जास्त अडखळतात, कारण त्यांनी बरोबरीचं चिन्ह मनापासून शिकलेलं असतं. यावर काकांनी शर्टाच्या खिशातून चक्क पासबुक काढलं. “ही शिल्लक बघ. जुनी शिल्लक अधिक आजचा भरणा, म्हणजे नवी शिल्लक. वर पण शिल्लकच, खाली पण शिल्लकच. आधी उजवीकडचं गणित करायचं आणि मग आलेल्या आकड्याला तेच नाव द्यायचं.” फरक एवढाच, की पासबुकात वरच्या ओळीतली जुनी शिल्लक तशीच वाचता येते, व्हेरिएबलमधली जुनी किंमत मात्र गेली ती गेली. हा फरक मी तेव्हा फक्त सांगून ठेवला.

इथे एक गोष्ट मुलांना फार आवडते. पायथॉनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिलेलं चालतं. ‘संख्या’, ‘पायरी’, ‘मोठी’ अशी नावं द्या, तक्रार नाही. आणि प्रोग्रॅम चालताना विचारलेल्या प्रश्नाला कोणी मराठी कीबोर्डवरून १९०५ असं टाइप केलं, तरी त्याचं आकड्यात रूपांतर बिनचूक होतं. उत्तर मात्र इंग्रजी आकड्यांत येतं. प्रोग्रॅमच्या मजकुरातच थेट मराठी आकडे लिहिले तर मात्र एरर. अटीसाठी ‘इफ’ आणि लूपसाठी ‘व्हाइल’ या इंग्रजी शब्दांनाही पर्याय नाही. पण आपल्या कल्पनेला आपण ठेवलेलं नाव आपल्या भाषेतलं असलं की मुलं नावं विचार करून ठेवतात, एवढं मी बघितलंय. ए, बी, सी देऊन मोकळी होत नाहीत.

लूपची अट सगळ्यांनी एकमताने ठरवली: ६१७४ येत नाही तोवर चालू ठेव. चालवलं, १९०५ ला सात ओळी पडल्या, टाळ्या. मग एका मुलाने मुद्दाम ७७७७ दिले. अट सुरुवातीलाच सांगितली होती, पण ती माणसांना सांगितली होती. प्रोग्रॅमला कोणी सांगितली नव्हती. ७७७७ उणे ७७७७ शून्य, शून्य उणे शून्य शून्य, आणि पडद्यावर शून्यांचा नुसता धबधबा. पंखा घरघरायला लागला. कंट्रोल-सी दाबून थांबवलं. इन्फिनिट लूप नावाची गोष्ट अशी स्वतःच्या हाताने एकदा होऊ द्यावी. त्यानंतर मुलं ‘व्हाइल’ लिहिताना आधी विचारतात, की यातून बाहेर कसं पडायचं.

खरी मजा पुढच्या रविवारी आली. सगळे हवे ते आकडे देऊन बघत होते आणि कोणीतरी १००० दिले. पुन्हा शून्यांचा धबधबा. आता तर सारखे आकडे अडवायची अटही घातलेली होती! मी काही बोलले नाही. म्हटलं, वहीत ड्राय रन करा. ड्राय रन म्हणजे मशीन बंद ठेवून, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आखून, एकेक ओळ स्वतः चालवायची. मुलांना याचा कंटाळा, काकांचा तर हा जन्माचा धंदा. वहीत १००० उणे ०००१ बरोबर ०९९९ आले. मग ९९९० उणे ०९९९, म्हणजे ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. वहीत पाच पायऱ्यांत काम झालं. मशीनवर शून्य. का?

दोघी-तिघांनी वजाबाकी तपासली, कोणी क्रम तपासला. शेवटी कोणीतरी मशीनला पहिल्या वजाबाकीनंतर काय मिळालं ते छापायला लावलं. ९९९. पुढचा शून्य नव्हताच. मशीनच्या लेखी ती संख्या होती, आणि संख्येला पुढचा शून्य लागत नाही. मग ९९९ उणे ९९९, खेळ खलास. वहीत मात्र आपण चार घरं आखलेली असतात, त्यामुळे तो शून्य आपल्या नकळत राहतो. म्हणजे कापरेकरांची ही क्रिया अर्धी अक्षरांवर चालते आणि अर्धी संख्येवर. क्रम लावताना चार चिन्हं हवीत, वजा करताना एक किंमत हवी. इंटिजर (म्हणजे पूर्णांक) आणि स्ट्रिंग वेगळे का, हे यानंतर मला वेगळं शिकवावं लागलं नाही. वजाबाकीचं उत्तर चार घरांत लिहून घ्यायचं, कमी पडलं तर पुढे शून्य भरायचं, एवढी एक ओळ वाढवली आणि १००० मार्गी लागले.

आजकाल पालक हमखास विचारतात, की एआय सगळं लिहून देतं तर हे शिकायचं कशाला. लिहून देतंच, आणि बरंच चांगलं देतं. पण १००० टाकून बघायला हवेत, हे सुचायला कोणीतरी आधी वहीत तो शून्य लिहिलेला असावा लागतो.

फंक्शनवर मी फार वेळ घालवत नाही, एक गोष्ट सोडून. ‘क्रम लाव, वजा कर, चार घरं भर’ या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, ‘पाऊल’. संख्या द्यायची, पुढची संख्या घ्यायची. काकांनी स्वतः लिहिलं, ३५२४ देऊन चालवलं, पडद्यावर ३०८७ आलं. मग ते उत्तर पुढच्या पावलाला दिलं आणि एरर. “अगं, आत्ता तर ३०८७ दाखवलं त्याने!” दाखवलं होतं, दिलं नव्हतं. फंक्शनच्या शेवटी त्यांनी ‘रिटर्न’च्या जागी ‘प्रिंट’ लिहिलं होतं. ही गफलत प्रत्येक नवखा करतो, कारण माणसाला दाखवलेलं आणि दिलेलं यात फरक वाटत नाही. काकांना मात्र लगेच पटलं. काउंटरच्या काचेआडून नोटा दाखवल्या म्हणजे पेमेंट झालं असं नसतं, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

पण काकांचा खरा हात दिसला तो तपासणीत. सगळी उत्तरं नऊने भागली जातात, हे मुलांच्या आधी त्यांनी ओळखलं. कसं? “कॅश टॅली होत नसली आणि फरक नऊने भागला गेला, की समजायचं आकडे उलटसुलट पडलेत. ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलंय.” खातं जुळवणाऱ्यांचा हा जुना नियम. कारण साधं आहे: कुठलीही संख्या आणि तिच्या आकड्यांची बेरीज यांना नऊने भागल्यावर बाकी सारखीच उरते. आकडे तेच ठेवून नुसती जागा बदलली तर बेरीज तीच राहते, म्हणून दोन्हींतला फरक नऊने भागला जाणारच. कापरेकर नेमकं तेच तर करतात. मग आम्ही प्रोग्रॅममध्ये पहारेकरी बसवला: कुठलंही उत्तर नऊने भागलं गेलं नाही तर तिथेच थांब आणि ओरड. दोन मुलांच्या प्रोग्रॅममध्ये तो खरंच ओरडला. दोघांनीही दोन-दोन आकडे खोडले होते. ०९९९ ची भानगड मात्र या पहारेकऱ्याने पकडली नसती, कारण ९९९ नऊने जातो आणि शून्यही जातो. एका तपासणीवर विसंबून चालत नाही हे मी सांगायच्या आत काकाच म्हणाले, बँकेत म्हणूनच दोन सह्या लागतात.

त्यानंतर १००० ते ९९९९ सगळ्या संख्या चालवल्या. सारखे आकडे असलेल्या नऊ वगळल्या की ८९९१ राहतात. सातपेक्षा जास्त पायऱ्या एकीलाही लागत नाहीत. बरोबर सात लागणाऱ्या १९८०. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निकाल समोर. आणि शून्य भरायची ती ओळ काढून परत चालवलं तर ६८ संख्या वाया जातात. ८९९१ मध्ये ६८, म्हणजे दहा-वीस उदाहरणं घालून बघणाऱ्याला बहुधा एकही भेटणार नाही.

मुलांना वाटलं, संपलं. पण मला आणखी एक गोष्ट दाखवायची होती. आकडे उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे मानले, तर वजाबाकीचं उत्तर म्हणजे क आणि घ यांच्या फरकाची ९९९ पट, अधिक ख आणि ग यांच्या फरकाची ९० पट. बस्स. मूळ संख्या कुठली होती याच्याशी मतलबच नाही, फक्त हे दोन फरक लागतात. पहिला फरक १ ते ९, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. मोजले तर जोड्या भरतात अवघ्या ५४. म्हणजे ८९९१ संख्या पहिल्याच पावलात ५४ उत्तरांवर येऊन पडतात. फळ्यावर हे लिहिल्यावर काका उठले. “५४ च ना? मग मशीन कशाला?” पुढच्या रविवारी त्यांनी लेजरच्या पानावर लाल-निळ्या शाईत सगळ्या ५४ जोड्या ६१७४ पर्यंत नेऊन आणल्या होत्या. एकही खाडाखोड नव्हती. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. भराभर कोड पाडणारे पुष्कळ बघितले, पण ८९९१ चं काम ५४ वर आणता येईल का असा प्रश्न आधी विचारणारे थोडेच. त्या थोड्यांबरोबर काम करायला मजा येते.

नववीतल्या त्या मुलीने, ‘दिसतंच की’ म्हणणाऱ्या, मग पाच आकडी संख्या दिल्या. लूप थांबेना. पाच आकड्यांना ६१७४ सारखा एक मुक्काम नाहीच. ५३९५५ वरून ५९९९४ येतात आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. अशा एकूण तीन फेऱ्या आहेत, एक दोघांची आणि दोन चौघांच्या. त्यांतल्या एकीत प्रत्येक संख्या जाऊन अडकते. मग थांबायचं कधी? “आधी आलेलं उत्तर परत आलं की,” ती म्हणाली. आधी आलेलं कुठे लिहून ठेवलंयस, असं विचारल्यावर तिने काकांच्या पासबुकाकडे बघितलं आणि तिथून आमची लिस्ट सुरू झाली. सहा आकड्यांचं तिने घरी एकटीने केलं. ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आणि ४२०८७६ पासून सुरू होऊन त्याच्यावरच परत येणारी सात जणांची एक फेरी, असा तिचा निकाल आहे. काकांना तो मान्य नाही. सातही वजाबाक्या वहीत जुळल्याशिवाय दुसरी सही करणार नाही म्हणतात.